किंमतीचा रकाना

वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत बरेच रकाने असतात. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत. गेली बावीस वर्षं मी हे रकाने भरते आहे. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पुस्तकं वाचणारी बाई. प्रत्यक्षात दिवस जातो तो देवघेवीत, वर्गणीच्या पावत्या फाडण्यात, फाटकी पुस्तकं बांधणीला काढण्यात आणि तपासणीसाठी कागद तयार ठेवण्यात. शासनाचं अनुदान हप्त्यांनी येतं. हप्ता लांबला की आमचा पगारही लांबतो.

माझी अम्मी सोलापुरात विड्या वळायची. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कापायची आणि मांडीवर सूप घेऊन दिवे लागेपर्यंत वळत बसायची. त्या हजार-हजार विड्यांच्या मजुरीवर मी शिकले. नोकरी लागली तेव्हा ती एकदाच वाचनालयात आली. चपला बाहेर काढल्या, दारातून कपाटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बहुत अच्छा है गे." आत मात्र आली नाही. तिला वाचता येत नव्हतं.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, हे त्यातलं एक. परीक्षेत त्यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. पण जिला अक्षरच येत नाही तिचं पुस्तक कुठलं, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. अम्मी गेल्यावर सुचला.

केरळात कन्नूरकडे विडी कामगारांची एक जुनी रीत होती. एकानं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी विड्या वळत ऐकायचं आणि वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या आपसात वळून द्यायच्या. हे वाचनात आलं आणि मी ठरवलं, आपल्या मोहल्ल्यात हे का होऊ नये? दर शुक्रवारी दुपारी सुट्टीच्या वेळेत मी खालाजानच्या अंगणात पुस्तक घेऊन बसू लागले. पाच-सहा बायका होत्या, पुढे सोळा झाल्या.

पहिल्यांदा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. मराठी अडलं तिथं दखनीत सांगत गेले. सोवळ्याओवळ्याचे किस्से ऐकून बायका हसून लोटपोट झाल्या. "हमारे घर में बी ऐसाच था गे," असं त्यांनीच म्हटलं. मग मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' काढलं. दलवाई हे नाव ऐकताच एक चाची सूप उचलून निघाली. मी म्हटलं, "चाची, नवऱ्याचे विचार बाजूला ठेवा. नोकरी करून संसार ओढणाऱ्या बाईची गोष्ट तर ऐका." ती बसली. तीन शुक्रवार काही बोलली नाही. चौथ्या शुक्रवारी म्हणाली, "हमारी बी लिख ना."

इकडे कार्यकारिणीत कुरबूर सुरू झाली. सभासद नसलेल्यांसाठी पुस्तक बाहेर का नेता? तपासणीत काय दाखवायचं? प्रश्न नियमाला धरून होते, पण विचारण्याचा सूर मला लागला. बालविभागाची गोष्टीची दुपार, वाचन प्रेरणा दिनाचं प्रदर्शन, यांचं कौतुक होतं, कारण त्यांचे फोटो अहवालात लागतात. विड्या वळणाऱ्या बायकांचा फोटो कुणाला हवा? मी चार जणींची वर्गणी आणि अनामत माझ्या पगारातून भरली. आता पुस्तक सभासदाच्या नावावर जातं. कुरबूर थांबली.

१९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं. आपण लिहिते झालो, याचा अभिमान आहेच. पण आपल्या लेखनात ज्यांची दुःखं आली, त्यांच्या अंगणात ते लेखन कितीदा वाचलं गेलं, हे आपण एकमेकांना विचारायला हवं.

चाचीनं सांगितलेलं मी लिहून घेतलं. मग एकेकीनं सांगितलं. कुणाचं माहेर भूकंपात गेलं, कुणाचा तलाक, कुणाचा खोकला. दोनशे पानी वही भरली. गेल्या महिन्यात ती मी दाखल करायला घेतली. कार्यवाह म्हणाले, "याला प्रकाशक नाही, किंमत नाही. नोंद कशी करणार?" मी म्हटलं, भेट आलेल्या पुस्तकांची करतो तशी.

लेखकाच्या रकान्यात सोळा नावं मावेनात, म्हणून अक्षर बारीक केलं. किंमतीच्या रकान्यात 'भेट' लिहिलं. अम्मीचं नाव त्यात नाही. तिची गोष्ट विचारायची माझ्याकडून राहूनच गेली.