आधी हौद बघा!

पुण्यात आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. फ्लॅट बुक करताना ब्रोशरमधला त्याचा निळाशार फोटो बघूनच आम्ही नवरा-बायको अर्धे पाघळलो होतो. आता वर्षातून फार तर चार वेळा त्यात उतरणं होतं, तो भाग वेगळा! पण त्या पूलचा थाट बघा. भोवती जाळी, फाटकाला कडी, भिंतीवर नियमांचा लांबलचक बोर्ड, काठावर रंगवलेली खोली आणि गळ्यात शिट्टी अडकवून बसलेला लाइफगार्ड. सोबत मोठं माणूस नसेल तर लहान मुलांना प्रवेशच नाही. थोडक्यात काय, इथे लेकरू बुडू शकतं, हे सगळ्यांना मान्य आहे.

आता चला माझ्या माहेरी, लातूरला. तिथे पूल-बिल काही नाही. पण पोर्चमध्ये, गाडी लावतो त्याच्या शेजारी, फरशीखाली १० हजार लिटरचा हौद आहे. मोठा माणूसही आत बुडेल एवढा खोल. वर पत्र्याचं झाकण. आई ते एका हाताने सरकवते, इतकं हलकं. जाळी नाही, बोर्ड नाही, शिट्टी तर नाहीच. आणि गंमत म्हणजे आमच्या घरात त्याला कुणी धोक्याची जागा समजतच नाही. ते 'पाणी' आहे. पाण्याला नावं कोण ठेवणार? तेही लातुरात!

लातूरकर पाणी साठवतो, त्यामागे दुखणं आहे. एप्रिल २०१६ आठवतोय? मांजरा धरण कोरडं पडलं आणि आमच्या गावाला मिरजेहून चक्क रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला १० टँकर होते, साधारण ५ लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यानंतर आमच्या गल्लीत ज्यांना जमलं त्यांनी हौद मोठे केले, ज्यांना नाही जमलं त्यांनी निळी पिंपं आणली. जिथे प्यायला पाणी पुरत नव्हतं, तिथे घराघरात बुडण्याइतकं पाणी साठलं. विचित्र वाटतं ना? पण टंचाई होती म्हणूनच साठलं.

मी शाळेत असतानाची गोष्ट. मागच्या गल्लीतलं अडीच वर्षांचं लेकरू दुपारी दिसेनासं झालं. अख्खी गल्ली शोधायला निघाली. कुणी मारुतीच्या देवळात, कुणी शाळेच्या मैदानावर. आमचे अण्णा लुना काढून थेट गंजगोलाईपर्यंत जाऊन आले. कुणी म्हणालं, पोरं पळवणारी टोळी आली असेल. तासाभराने कुणीतरी त्याच घराचा हौद उघडा असल्याचं बघितलं...

नंतर त्या लोकांनी तो हौद मुरूम टाकून बुजवून टाकला. गल्लीत सगळे एकच वाक्य बोलायचे, "ज्याचं त्याचं नशीब." पुन्हा कुणी विषय काढला नाही. कुणाच्या झाकणाला कडीही लागली नाही.

स्वतःला मूल झाल्यावर मला ते नशीब काही पटेना. मी वाचायला लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालात म्हटलंय, २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची होती. या वयाचं मूल बुडायला समुद्र लागत नाही. डोक्याचं वजन जास्त, हातात ताकद कमी. वाकून बघताना बादलीत उलटं पडलं तरी त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. आणि सिनेमात दाखवतात तसं ते हात मारत, 'वाचवा वाचवा' करत नाही. नाकातोंडात पाणी जात असताना आवाज फुटणार कुठून? शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असतो आणि इकडे सगळं गुपचूप घडतं.

टीव्हीवरून आठवलं. २००६ च्या जुलैत हरियाणातल्या कुरुक्षेत्रजवळ पाच वर्षांचा एक मुलगा बोअरवेलमध्ये पडला होता. जवळजवळ दोन दिवस सगळा देश टीव्हीला डोळे लावून बसला होता. तो सुखरूप निघाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले! पुढे २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने उघड्या बोअरवेलसाठी नियम घालून दिले. छान झालं. पण हौदात पडलेल्या लेकराला कॅमेरा मिळत नाही, दोन दिवसही मिळत नाहीत. त्याच्याकडे असतात मोजून काही मिनिटं. म्हणूनच मूल दिसेना झालं की पहिला नियम असा: आधी पाणी बघा. हौद, पिंप, बादली, बाथरूम, शेजाऱ्यांची टाकी. देऊळ, मैदान, गंजगोलाई नंतर. मूल रस्त्यावर असेल तर पाच मिनिटांनी सापडलं तरी चालेल. पाण्यात असेल तर नाही चालणार.

तुम्ही म्हणाल, हे दुष्काळी लातूरचं झालं. माझं सासर नांदेडला. गोदाकाठचं शहर, वर विष्णुपुरीचं पाणी. तिथे काय प्रॉब्लेम? पण तिथेही सासूबाईंच्या बाथरूममध्ये २०० लिटरचं पिंप काठोकाठ भरलेलं असतंच आणि शेजारी पालथं घातलेलं स्टूल. आमच्या चिरंजिवांना चढायला तेवढं पुरतं! शिवाय अर्धापूरकडे नातेवाइकांच्या केळीच्या बागेत शेततळं आहे. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, तेव्हापासून अशी तळी जागोजागी दिसतात. पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की तो असा गुळगुळीत होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. म्हणून तळ्याला कुंपण हवंच. शिवाय चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले, गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली एखादी ट्यूब. वीकेंडला शेतावर पार्टीला जाताना सेल्फी स्टिकआधी दोर आहे का ते बघा, प्लीज.

मागच्या दिवाळीत मी लातूरला झाकणाचा विषय काढला. अण्णा म्हणाले, "तुम्ही तिघं भावंडं याच घरात मोठी झालात की. काय झालं तुम्हाला?"

"काही झालं नाही अण्णा, म्हणून तर आज बोलायला मी आहे."

आईची अडचण वेगळी होती. "बाई, नळ येतो रात्री दोनला. हौद किती भरला ते बघायला मी किल्ली कुठं शोधत बसू अंधारात?"

मुद्दा बरोबर होता. नुसतं कुलूप लावून दिलं असतं तर चार दिवसांत ते खिळ्याला लटकलं असतं. मी म्हटलं, झाकणाच्या खाली लोखंडी जाळी बसवू. गजांमध्ये दोन इंचांचं अंतर, नळीपुरतं एक भोक. झाकण काढून पाणी बघा, नळी सोडा, जाळी जागेवरच. कुलूप जाळीला, आणि ते उघडायचं फक्त हौद धुताना.

अण्णा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच बाहेर पडले आणि तासाभरात वेल्डरला सोबत घेऊन आले. त्याला माप देताना म्हणाले, "मजबूत कर रे बाबा. त्या दिवशी मी गंजगोलाईत शोधत होतो." बस, एवढंच. इतक्या वर्षांत त्या लेकराबद्दल ते पहिल्यांदा बोलले.

आता थोडं त्या काही मिनिटांबद्दल. पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे सगळं बंद! त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातलं फुफ्फुसात जायची भीती. मूल श्वास घेत नसेल तर पाठीवर झोपवा, डोकं किंचित मागे, हनुवटी वर. आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा, छाती एक तृतीयांश आत जाईल इतकं, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. मग दोन श्वास, पुन्हा ३०. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाका आणि हात चालू ठेवा. मूल रडायला लागलं, शुद्धीवर आलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. आणि हे वाचून येत नाही, हातानेच शिकावं लागतं. रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचे प्रथमोपचाराचे कोर्स असतात. ऑफिसात एचआरला सांगा. टीम बिल्डिंगच्या नावाखाली आपण काय काय सहन करतो, एक शनिवार यासाठी काढू!

आपल्यातले बरेच जण नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आलो आणि मुलांना सुट्टीत आजी-आजोबांकडे पाठवतो. आजोळी लाड होतात, पण घर मात्र लहान लेकराच्या सवयीचं राहिलेलं नसतं. तेव्हा या वेळी गावी फोन कराल तेव्हा 'जेवलात का, गोळी घेतली का' याच्यासोबत आणखी एक विचारा: "हौदाला झाकण कसलं आहे?"

उत्तर 'पत्र्याचं' असेल, तर वेल्डरचे पैसे तुम्ही पाठवा. आमच्या जाळीला मल्टिप्लेक्स आणि पिझ्झाच्या एका वीकेंडपेक्षा कमी खर्च आला.