बाकी काय?

मराठी माणसांच्या गप्पा रंगात असताना ‘बाकी काय?’ हा प्रश्न सहसा येत नाही. तो येतो गप्पा संपत आल्यावर. मुलांची चौकशी झालेली असते, गुडघेदुखी झालेली असते, पावसाचे बोलून झालेले असते, कपाच्या तळाशी चहाचा गाळ तेवढा उरलेला असतो. आणि मग कुणीतरी म्हणते, ‘बाकी काय?’ समोरचा उत्तर देतो, ‘बाकी काही नाही. तू बोल.’ ‘बाकी’ हा मूळचा अरबी शब्द. फारसीमार्गे तो आपल्या जमाखर्चाच्या वह्यांत आला आणि वजाबाकीतही जाऊन बसला. जे वजा करायचे ते केल्यावर उरते ती बाकी. शब्दशः पाहिले तर हा प्रश्न चांगलाच मोठा आहे : सगळे वजा जाता तुझ्याजवळ काय उरले? विचारणाऱ्याच्या मनात मात्र यातले काही नसते. उठायचे आहे, पण एवढ्यात उठायचे नाही, इतकाच त्याचा अर्थ.

साहित्याच्या अभ्यासकांना अशा बोलण्याविषयी एक अढी असते. चकाट्या, पाल्हाळ, वायफळ बडबड, हवापाण्याच्या गोष्टी. आपल्या शब्दसंग्रहात त्यासाठी आदराचा शब्द शोधूनही सापडत नाही. तसा आदर प्रथम दाखवला तो एका मानववंशशास्त्रज्ञाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आलेल्या मालिनोव्स्कीने १९२३ साली ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या ग्रंथाला एक पुरवणी लिहिली. माणसे केवळ माहिती देण्यासाठी बोलत नाहीत, परस्परांशी नाते बांधण्यासाठीही बोलतात, असे सांगून त्याने या व्यवहाराला ‘फॅटिक कम्युनियन’ असे नाव दिले. पुढे रोमान याकबसनने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषेची सहा कार्ये मांडली आणि त्यांत या कार्यालाही जागा दिली. वाट खुली आहे ना, हे तपासून पाहणारे बोलणे, असे त्याचे स्वरूप त्याने सांगितले. फोनवर आपण ‘ऐकू येतंय ना?’ म्हणतो, ते हेच. ही मांडणी एम.ए.च्या वर्गात दरवर्षी शिकवली जाते, मीही शिकवते. पण वाट खुली ठेवायची ती कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मला वर्गाबाहेर मिळाले. त्याविषयी लिहायचे आहे.

आम्ही तिघे. महाविद्यालयापासूनची मैत्री. मी मराठी शिकवते, एक मैत्रीण बँकेत आहे, आणि एक मित्र सॉफ्टवेअरच्या एका कंपनीत होता. चाळिशी ओलांडल्यावर आम्ही तिघांनी मिळून जर्मनच्या वर्गात नाव घातले. पुण्यात यात नवल काही नाही. मॅक्समुल्लर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे परकीय भाषा शिकणे हा या शहराचा जुना छंद आहे. एकाच बाकावर अकरावीतला मुलगा आणि निवृत्त इंजिनिअर बसलेले इथे सहज दिसतात. आमची कारणे वेगवेगळी होती. मित्राच्या कंपनीचे काम जर्मनीतल्या ग्राहकांशी होते, मैत्रिणीची मुलगी तिकडे शिकायला जायची होती, आणि मला ब्रेश्त मुळातून वाचायचा होता. रविवारी सकाळी वर्ग, आणि वर्ग सुटला की कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा. तिथल्या गप्पांचे विषय वर्षानुवर्षे तीनच : सुट्टी, क्लास आणि काम. ‘दिवाळीत कुठे?’, ‘गृहपाठ केलास का गं?’, ‘काम काय म्हणतंय?’ उत्तरेही ठरलेली. ‘बघू’, ‘कुठला वेळ मिळतोय’, ‘चाललंय’.

या तीन विषयांतला पहिला वरवर सर्वांत निरुपद्रवी. पण त्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत, आणि ते एक नव्हेत. ‘सुट्टी’ आली ‘सुटणे’वरून. शाळा सुटते, बांधलेले जनावर सुटते, गाडी सुटते. ‘रजा’ आली अरबीतून, आणि तिच्या मुळाशी आहे संमती, परवानगी. सुट्टी असते, रजा मागावी लागते आणि कुणीतरी द्यावी लागते. पाहुणा निघताना ‘रजा घेतो’ म्हणतो, तोही खरे तर यजमानाची परवानगीच घेत असतो. गंमत अशी, की जर्मनमध्येही हाच भेद आहे. शाळकरी मुलांना असतात त्या ‘फेरिएन’, मुळात लॅटिनमधले सणाचे दिवस. नोकरदाराला मिळते ती ‘उरलाउब’, आणि या शब्दाचा जुना अर्थ चक्क परवानगी. सरदाराने धन्याची घ्यायची, तशी. वर्गात हे कळले तेव्हा आमची बँकवाली खूश झाली. तिच्या बोलण्यात एरवीही किरकोळ रजा, अर्जित रजा, शिल्लक रजा असे वर्गीकरण चालूच असे. मला ती नेहमी चिडवी, ‘तुम्हा मास्तरांना सुट्ट्या असतात. रजा म्हणजे काय ते आम्हाला विचार.’

भाषेच्या वर्गात हेच तीन विषय पुन्हा भेटतात, हे ज्याने कधी असा वर्ग केला आहे त्याला ठाऊक असेल. युरोपच्या परिषदेने १९७५ साली ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ नावाने, परक्या भाषेत दैनंदिन व्यवहार निभावण्यासाठी किमान काय यायला हवे, याची आखणी केली. २००१ साली ए-वन ते सी-टू या आज सर्वत्र चालणाऱ्या सहा पायऱ्या प्रसिद्ध झाल्या. खालच्या पायऱ्यांवर तत्त्वज्ञान नसते, राजकारण नसते. स्वतःचे नाव, घर, काम, सुट्टीत काय केले, भाषा का शिकता. क्रमिक पुस्तकांतली माणसे सतत सुट्टीहून आलेली असतात, सुट्टीला निघालेली असतात किंवा एकमेकांना व्यवसाय विचारत असतात. प्रौढ माणसाला हे प्रथम हास्यास्पद वाटते. ज्याने मराठीत घरखरेदीचे करार केले, आईवडिलांची आजारपणे निभावली, तो उभा राहून सांगतो, ‘मी सफरचंद खाल्ले.’ पण या दारिद्र्यात एक मोकळीकही असते. तिथे तुमच्या उत्तराचा खरेपणा कुणी पाहत नाही. क्रियापद पाहतात.

दिवाळीनंतरचा पहिला वर्ग होता. बाईंनी आधी सुट्टीविषयी विचारले. कुणी कोकणात गेले होते, कुणी लाडू खाल्ले होते. आमचा मित्र म्हणाला, मी घरी होतो. मग ‘वास माखन झी बेरूफ्लिश?’, तुम्ही काय व्यवसाय करता, ही उजळणी सुरू झाली. प्रत्येकाने वर्तमानकाळात एकेक वाक्य सांगायचे. मित्राची पाळी आली, तो म्हणाला, ‘इश हाबे बाय आयनर फिर्मा गेआर्बाइटेट.’ मी एका कंपनीत काम केले. बाई हसून म्हणाल्या, वर्तमानकाळ हवा, ‘इश आर्बाइटे’. त्याने पुन्हा भूतकाळच म्हटला. बाईंनी पुन्हा दुरुस्त केले आणि फळ्यावर दोन्ही रूपे लिहून दाखवली. तेव्हा तो मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘नाही मॅडम, काळ बरोबर आहे.’

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले, ‘गूट’ म्हणाल्या आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या.

त्या दिवशी अमृततुल्यात आम्ही बसलो, तेव्हा ‘काय झालं?’ असे कुणीही विचारले नाही. बँकवालीने तीन चहा सांगितले आणि ती स्वतःच्या रजेविषयी बोलू लागली. वर्ष संपत आले, इतक्या रजा शिल्लक आहेत, साहेब सोडत नाही, या वर्षीही काही वाया जाणार. नेहमीचेच पुराण. मी अधूनमधून हुंकार देत होते. तो ऐकत होता. दुसरा चहा आला तेव्हा म्हणाला, ‘सुट्टी भरपूर आहे गं मला. रजा नाही. मागायची कुणाकडे?’

मग त्याने सांगितले. तीन महिन्यांपूर्वी, वीस मिनिटांची एक बैठक, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप परत. त्यांच्या अख्ख्या गटाचे तेच झाले होते. बायकोला माहीत होते, आईवडिलांना नव्हते. पगारापेक्षा दुपारचा डबा एकत्र खाणारी चार माणसे गेली याचे त्याला अधिक वाईट वाटत होते. (‘नोकर’ हा शब्द मंगोल भाषेतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला, मुळात त्याचा अर्थ सोबती असा होता, हे मला नंतर कोशात सापडले.) मैत्रिणीने विचारले, ‘अरे, मग दर रविवारी चाललंय चाललंय म्हणत होतास ते?’ तो म्हणाला, ‘ते खोटं नव्हतं. आठवड्यात एकदा कुणीतरी काम काय म्हणतंय विचारतं, आपण चाललंय म्हणतो, आणि तेवढा वेळ ते खरंच चालतं. तुम्ही विचारत जा. उत्तर मागू नका, एवढंच.’

विचारत जा, उत्तर मागू नका. मालिनोव्स्की आणि याकबसन यांच्या मांडणीत मला जे सापडत नव्हते, ते या वाक्यात आहे. प्रश्न तीन प्रकारचे असतात. भाषेच्या वर्गातला प्रश्न उत्तर मागतो, पण त्याला सत्य नको असते, रूप हवे असते. म्हणून कधीकधी सत्य तिथून सहज निसटते. न्यायालयातला प्रश्न उत्तरही मागतो आणि सत्यही. गप्पांमधला प्रश्न तिसरा. तो विचारला जातो आणि सोडून दिला जातो. ‘चाललंय’ हे त्याचे पूर्ण उत्तर असते, उलटतपासणी होत नाही. आणि ज्या दिवशी ‘चाललंय’च्या पलीकडचे काही सांगायचे असेल, त्या दिवशी ते सांगायला जागा तयार असते, कारण प्रश्न दर आठवड्याला येऊन गेलेला असतो.

हा भेद मोडला की काय होते, ते मराठी वाचकाला तेंडुलकरांनी दाखवले आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातली हौशी मंडळी गावात प्रयोगासाठी आलेली असतात. प्रयोगाला अवकाश असतो, वेळ घालवायचा असतो. सुरुवातीचे त्यांचे बोलणे आपल्या कुणाच्याही बोलण्यासारखे आहे. थट्टा, टोमणे, कामाच्या बढाया. मग खेळ म्हणून अभिरूप न्यायालय मांडले जाते, आणि जे प्रश्न एरवी विचारून सोडून दिले असते, तेच बेणारेला पिंजऱ्यात उभे करून विचारले जातात. माणसे तीच, विषयही तेच : तिची नोकरी, तिची शाळा, तिचे राहणे. बदलले ते इतकेच, की आता उत्तर न देण्याची मुभा उरली नाही.

उलट टोकाला चेखव आहे. ‘तीन बहिणी’ (१९०१) हे नाटक जवळजवळ पूर्णपणे आमच्या तीन विषयांवर उभे आहे. नामदिनाच्या मेजवानीने ते सुरू होते, कामाविषयी सगळे अखंड बोलतात, आणि बहिणींना इतक्या भाषा येतात की त्या गावात त्यांचा उपयोग काही नाही. चेबुतीकिन वर्तमानपत्रातल्या निरुपयोगी बातम्या वाचून दाखवतो. कुणी कुणाला खोदून विचारत नाही. तिसऱ्या अंकात इरिना रडते, आणि रडताना जे सांगते त्यात एक तक्रार अशी, की खिडकीला इटालियनमध्ये काय म्हणतात ते आता आठवत नाही. आयुष्य हातातून निसटत असल्याचे दुःख ती एका विसरलेल्या शब्दाच्या आधाराने बोलते. ज्यांनी इतका वेळ तिच्याशी फुटकळ बोलणे चालू ठेवले, त्यांच्यासमोरच ते बोलता येते.

मित्राला सात महिन्यांनी दुसरे काम मिळाले, पहिल्यापेक्षा कमी पगाराचे. त्या सात महिन्यांतला एकही रविवार ‘काम काय म्हणतंय?’ या प्रश्नावाचून गेला नाही. कधी तो ‘चाललंय’ म्हणे, कधी मुलाखतीविषयी सांगे, कधी नुसताच कप फिरवत बसे आणि मैत्रीण सवयीने रजांचा हिशेब काढी.

नाटकातला असा एखादा उतारा शिकवताना विद्यार्थी बहुधा म्हणतात, ‘इथे काही घडत नाही.’ अलीकडे मी त्यांना तो उतारा दोनदा मोठ्याने वाचायला लावते. पहिल्या वाचनात प्रश्नांवर खूण करायची. दुसऱ्या वाचनात पाहायचे, की कोणता प्रश्न उत्तराची वाट पाहतो, कोणता नाही, आणि कोणत्या पात्राला गप्प राहण्याची परवानगी कुणी दिली आहे. तासाच्या शेवटी वर्गातले एकदोन जण तरी उतारा पुन्हा उघडून बसतात.