एका एक्सएमएल फाइलचा परवाना

मार्च २०२१चा शेवटचा आठवडा. पुण्यात कोरोनाची दुसरी लाट चढत होती, सगळे घरून काम करत होते आणि नेमका क्लायंटला रिलीज द्यायच्या दिवशी आमचा बिल्ड पडला. कोडला कुणी हातही लावला नव्हता. ‘माइममॅजिक’ची हवी ती आवृत्ती सापडत नाही, एवढंच एरर सांगत होती.

टीममध्ये कुणीच हे नाव ऐकलेलं नव्हतं. रूबी ऑन रेल्समध्ये ॲक्टिव्ह स्टोरेज, त्याला लागतं मार्सेल आणि मार्सेलला लागायचं हे माइममॅजिक. फाइलचे सुरुवातीचे बाइट बघून ती पीडीएफ की फोटो, हे ओळखणं त्याचं काम. त्याचा परवाना एमआयटी : घ्या, बदला, विका, फक्त मूळ कॉपीराइटची नोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. पण फाइलप्रकारांची माहिती त्यात आली होती शेअर्ड-माइम-इन्फो या प्रकल्पाच्या एका एक्सएमएल फाइलमधून, आणि ती फाइल जीपीएलची : त्यातलं घेऊन केलेलं काम दुसऱ्याला दिलं, तर तेही जीपीएलखालीच द्यावं लागतं. त्या प्रकल्पाकडून हे दाखवून दिलं गेलं, तेव्हा माइममॅजिकच्या जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या गेल्या आणि नव्या जीपीएलखाली निघाल्या. जगभर रेल्सचे बिल्ड अडले.

आमच्या ग्रुपवर शिव्यांचा पाऊस. मला तो तेव्हाही पटला नाही. दुसऱ्याच्या फाइलचा परवाना परस्पर बदलता येत नाही. हे कळल्यावर दुसरं करणार तरी काय? फार तर आधी सूचना द्यायला हवी होती.

‘घेऊन टाकू ना नवी आवृत्ती, कोण बघतंय?’ असं एकानं सुचवलं. सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर चालवलं आणि लोकांनी ते ब्राउझरमधून वापरलं, तर जीपीएल सोर्स मागत नाही, हे खरं. ती फट बुजवायला एजीपीएल आहे. पण आमचा क्लायंट सगळं स्वतःच्या मशीनवर बसवून घ्यायचा. म्हणजे आम्ही प्रत देत होतो, आणि मग जोडून केलेलं अख्खं काम जीपीएलखाली सोर्ससकट देण्याचा प्रश्न उभा राहतो. करारात मात्र सोर्स गोपनीय राहील, असं लिहिलेलं.

रिलीज थांबवलं. लवकरच रेल्सच्या नव्या आवृत्त्या आल्या. त्यांतल्या मार्सेल १.०नं माइममॅजिक सोडून अपाचे टिकाची माहिती घेतली होती.

त्या निमित्तानं आमची अख्खी लॉक फाइल, म्हणजे वापरलेल्या सगळ्या लायब्ररींची यादी, तपासली. एका जागी फक्त जीपीएल २ची लायब्ररी आणि अपाचे २.०ची लायब्ररी एकाच प्रोग्रॅममध्ये नांदत होत्या. दोन्ही मुक्त, पण त्यांचं जमत नाही. अपाचेतल्या पेटंटच्या अटी जीपीएल २मध्ये बसत नाहीत. २००७च्या जीपीएल ३शी जमतं, तेही एकाच दिशेनं : अपाचेचा कोड तिकडे नेता येतो, तिकडचा इकडे आणता येत नाही. आम्ही जीपीएलवाली लायब्ररी बदलली.

परवाने तपासणारी साधनं फुकट मिळतात, जरूर वापरा. पण त्यातली बरीचशी लायब्ररीनं स्वतःबद्दल जे लिहिलंय तेच वाचतात, आणि माइममॅजिकनं एमआयटीच लिहिलं होतं. तेव्हा लायब्ररीत डेटा, फॉन्ट, आयकॉन दिसले की फोल्डर उघडा आणि फाइलच्या माथ्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.