ईशापूरची अक्षरे

२०१८ च्या उन्हाळ्यात लेकीकडे, पेनसिल्व्हेनियात, तीन महिने राहण्याचा योग आला. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. आयुष्य लेथ यंत्रावर गेलेले. निवृत्तीनंतरचा छंद म्हणजे सैन्याने मोडीत काढलेली बोल्टची रायफल घ्यायची आणि तिच्यातून शिकारीची नवी रायफल घडवायची. नळी, कुंदा, चाप सारे बदलते. मूळचे राहतात ते रिसीव्हर आणि बोल्ट. त्यामुळे तेवढी निवड चुकली तर पुढची सारी मेहनत पाण्यात, असे ते म्हणत.

माझ्या नोकरीतली काही वर्षे शस्त्र-परवाना शाखेत गेली. ग्वाल्हेरकडे ती शाखा किती गजबजलेली असते, हे आपल्या वाचकांना सांगणे नको. तरी हजारो बंदुकांचे कागद हाताळलेल्या मला बंदुकीचे पोट प्रथमच पाहायला मिळत होते.

त्यांच्या बाकावर चार रायफली होत्या. पहिली अमेरिकेचीच, १९०३ ची स्प्रिंगफील्ड. दिसायला देखणी, किंमतही कमी. पण तिचा क्रमांक आठ लाखांच्या आतला. त्या काळी कारागीर पोलाद किती तापले हे नुसत्या डोळ्यांनी, रंगावरून ठरवीत. लख्ख उजेडात तोच रंग फिका दिसे, मग पोलाद जास्त तापे आणि ठिसूळ होई. असे काही रिसीव्हर फुटले, आणि १९१८ साली पद्धत बदलावी लागली. म्हाताऱ्याने ती हातातही घेतली नाही.

पुढच्या दोन माउझर, ९८ च्या घडणीच्या. काडतुसाला मागून घट्ट धरणारी रुंद पकड, पुढच्या दोन खुंट्या आणि संकटकाळासाठी मागे तिसरी. शंभरावर वर्षे लोटली तरी ही घडण कारागिरांना सोडवत नाही. एक जर्मन, सर्व भागांवर एकच क्रमांक असलेली, जशी सैनिकाने ठेवली तशी. दुसरी चेकोस्लोव्हाकियात ब्रनोला घडलेली. तिचे लाकूड पूर्वीच कोणी कापले होते, दुर्बिणीसाठी भोकेही पाडली होती. मला जर्मन आवडली. त्यांनी मान हलवली. जिला कोणी हात लावलेला नाही तिच्यावर करवत चालवायची नाही, आधीच मोडलेलीच घ्यायची, हा त्यांचा नियम. निवड तिथेच झाली.

चौथी त्यांनी मला मुद्दाम दाखवली. बोल्टमागच्या पट्टीवर कोरलेली अक्षरे: आर. एफ. आय., खाली १९६७. ईशापूरची रायफल फॅक्टरी! ७.६२ मिलिमीटरची, ली-एनफील्डच्या वंशातली. बोल्टच्या खुंट्या मागे, कुंदा दोन तुकड्यांचा. म्हणून त्यांच्या नाजूक कामाला ती उपयोगाची नव्हती.

मी बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला. शेवटच्या दोन बोटांवर स्प्रिंगचा तोच अडसर लागला, आणि वडिलांची .३१५ आठवली. तीही ईशापूरचीच, त्याच वंशातली, सैन्याची.३०३ नागरिकांना वर्ज्य, म्हणून हा वेगळा व्यास. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती भिंतीवरून उतरे ती फक्त खंडेनवमीला. वडील तेल देत, मी हळदकुंकू वाही, आणि मग बोल्ट एकदा चालवण्याचा मान मला मिळे.

१९८९ मध्ये ते गेले. वारस म्हणून परवान्याचा अर्ज मला करता आला असता. पण आपल्याच कचेरीत आपलाच अर्ज, लोक काय म्हणतील, या धास्तीने मी तो केला नाही. रायफल विक्रेत्याकडे जमा केली, पुढे विकून टाकली. आई म्हणाली होती, "इतकी घाई कशाला रे?" मी नियम सांगितला. वास्तविक नियमात मुदत होती, आणि ती माझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार! आईने पुन्हा विषय काढला नाही. त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिने पाटावर विळी आणि वडिलांचा अडकित्ता मांडला.

म्हाताऱ्याने विचारले, तुमच्या देशाची म्हणून ओळखीची वाटते का? मी हो म्हटले. बाकीचे सांगायला इंग्रजी पुरेना, की धैर्य, कोण जाणे. ब्रनोची माउझर त्यांनी शिकंज्यात धरली. ईशापूरची परत कपाटात ठेवण्याआधी मी त्यांच्याकडे तेलाचे फडके मागितले.