तांदळाची भाकरी

मुलाला न्यू जर्सीतल्या ज्यू डे स्कूलमध्ये घातलं तेव्हा वाटलं, मोठी काळजी मिटली. सकाळी हिब्रू, तोरा, प्रार्थना; दुपारी गणित, इंग्रजी, विज्ञान. फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या वर. दोघांच्या पगारात ओढाताण व्हायची, पण मी हट्टानं भरली. माझी आई माझगावच्या शाळेत शिकली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली सुरू केलेली, पुढे सर एली कदुरींच्या नावाची. तिथे तिला मराठीबरोबर हिब्रूही मिळालं. मी कॉन्व्हेंटात गेले. शेमाची प्रार्थना मला पाठ आहे, पण शब्दन् शब्द उलगडून सांगता येत नाही. ही उणीव मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मनात होतं.

पहिलीत त्याच्या हातात सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, दिलं, त्या समारंभात मला रडू आवरलं नाही. आणि त्यानंतर घरी शिकवणं मी हळूहळू सोडूनच दिलं. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशची प्रार्थना तो म्हणायचा, मी नुसती ऐकायची. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून गाळलेलं सरबत आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, किद्दुशला करतो. तेही बंद केलं. त्याच्या मित्रांकडे बाटलीतला द्राक्षरस असायचा, म्हणून मीही तोच आणू लागले.

तिसरीत गृहपाठ आला: ‘आमच्या घरचा पेसाह’. आमच्याकडे सणाच्या त्या आठ दिवसांत मात्सासोबत, म्हणजे बिनखमिराच्या पोळीसोबत, तांदळाची भाकरी असते. वर्गातली बहुतेक घरं मूळची युरोपातली, त्यांना पेसाहमध्ये भात चालत नाही. माझं मूल वेगळं दिसेल, त्याला कुणी काही बोलेल, या भीतीनं मी म्हटलं, ‘‘मात्सा आणि सूप लिही.’’ पोटच्या पोराला त्याच्याच घराबद्दल मी खोटं सांगितलं.

पुढच्या रविवारी ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला. आई मांडीवर सूप घेऊन सणाचे तांदूळ निवडत होती. तो म्हणाला, ‘‘आजी, राईस अलाउड नाही. तू चुकतेयस.’’

आईचा हात सुपातच थांबला. त्याला ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तू सांगितलं नाहीस होय त्याला?’’

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शिक्षकांना भेटून सगळं सांगितलं. ते म्हणाले, भात न खाणं हा युरोपातल्या ज्यूंचा रिवाज. पूर्वेकडची अनेक घरं पिढ्यान् पिढ्या खात आलीत. वर्गात सीरियन घरातली दोन मुलं होती, तीही खायची. तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. शाळेनं आमचं काही पुसलं नव्हतं. पुसलं ते मी.

त्यांनीच मला वर्गात बोलावलं. मी पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हगादातलं, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पुस्तकातलं, चित्र नेलं: साड्या नेसलेल्या बायका मात्सा करताहेत. मुलगा माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, ‘‘माझी आजी अशीच बसते.’’ मला पुढे बोलता आलं नाही.

यंदा तांदूळ त्यानं निवडले. आजी फोनवरून बजावत होती, ‘‘तीनदा बघायचं हं, गव्हाचा दाणा राहता कामा नये.’’ ताट खिडकीशी नेऊन तो दाणे बोटानं सारत होता. तिसऱ्या खेपेला एक गहू सापडला. चिमटीत धरून त्यानं तो कॅमेऱ्यासमोर नेला, ‘‘आजी, हा बघ!’’