वडिलांचा ट्रक

जुन्या वस्तूंवर प्रेम करणे सोपे. ते प्रेम डोळे उघडे ठेवून करणे मात्र कठीण. अमेरिकेत टेक्सास राज्यात काही काळ सेवाकार्य करीत असताना हे सत्य आम्हांला प्रवचनपीठावर नव्हे, तर एका गॅरेजमध्ये उमगले.

तेथील धर्मग्रामातील एका गृहस्थांकडे त्यांच्या दिवंगत वडिलांचा १९७० सालचा शेवरलेट पिकअप ट्रक होता. १९६७ ते १९७२ पर्यंतच्या या ट्रकांत पेट्रोलची टाकी चालकाच्या केबिनमध्येच, बैठकीच्या मागे उभी बसवलेली असे. पाठीशी सुमारे ७५ लिटर पेट्रोल आणि मध्ये केवळ एक पाठटेकण! रबरी नळी जुनी होऊन चिरली की वास आत कोंडे. १९७३ च्या नव्या बांधणीत कंपनीने टाकी केबिनबाहेर नेली खरी, परंतु ती सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला आल्याने बाजूच्या धडकेत आग लागण्यावरून पुढे मोठा वाद माजला.

गृहस्थांच्या सुनेने निक्षून सांगितले, लहानगा या ट्रकमध्ये बसणार नाही. गृहस्थ खिन्न झाले. "फादर, वडिलांनी ठेवला तसाच ठेवणे हाच त्यांचा मान नव्हे काय?" आम्ही एवढेच विचारले, "वडील आज असते, तर पणतवाला त्यांनी कुठे बसवले असते?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग कामाला लागले. बॅटरीची जोडणी सोडून त्यांनी आधी टाकी रिती करून बाहेर काढली. कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीहून अधिक घातक, तिच्याजवळ वेल्डिंगची ठिणगीही नको. नवी टाकी मागच्या आसामागे, सांगाड्याच्या दोन तुळयांमध्ये बसली. भरण्याची नळी सतत उताराची ठेवली, कोठे झोळ राहू दिला नाही. हवा निसटण्याची वाट निराळी काढली. केबिनच्या डाव्या अंगावरील जुने भोक पत्र्याने बुजवून रंगवले. नवे तोंड मागच्या हौद्याच्या लाकडी फळीत, बिजागरीच्या झाकणाखाली दडवले. ही कल्पना नवी नव्हे. १९५६ च्या शेवरलेट मोटारींत हे तोंड डाव्या मागच्या दिव्याआड असे.

ट्रक पाहणाऱ्यास काही बदलल्याचे कळत नव्हते. वडिलांच्या हातून मागच्या फळक्याला पडलेला पोचाही त्यांनी तसाच राखला होता. सुनेने मात्र मुलाला उचलून स्वतः आत बसवले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमधून लोकभाषांत आली, तेव्हाही पूर्वजांचा ठेवा मोडला अशी अनेकांना धास्ती वाटली होती. वेदी तीच, बलिदान तेच. केवळ लेकरांना जवळ बसता आले. वारसा म्हणजे वडिलांची प्रत्येक खिळापट्टी नव्हे, तर त्यांची माया. तिला बाधा आणणारे जे असेल ते हलवावे, आणि हलविल्याचा गाजावाजा न करता ते फळीखाली झाकून ठेवावे.