फोटो गेले, व्हिडिओ राहिला

टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीतल्या आजी काल घरी आल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा मी ११ मिनिटांचं शूटिंग केलं होतं. भरपाईच्या अर्जाला उत्तर आलंय की पाणी शिरल्याचा पुरावा नाही. "भाऊ, तो तुमचा व्हिडिओ द्या ना."

व्हिडिओ नाहीये. मीच डिलीट केलाय.

झालं असं. लोक विश्वासाने जे देतात ते दुसऱ्याच्या क्लाउडवर नको, म्हणून घरच्या जुन्या लॅपटॉपवर इमिच बसवून स्वतःचा सर्व्हर केला. बाहेरून तिथे पोचायला एक मोफत टनेल घेतला. फोटो धडाधड जायचे. सगळंच जातंय असं मी धरून चाललो. फोन भरला तशी गॅलरी साफ केली, वर ट्रॅशही रिकामी केली.

आजी गेल्यावर डोंबिवलीहून भाच्याला बोलावलं. त्याने लॉग उघडला. प्रत्येक मोठ्या व्हिडिओपुढे एकच आकडा: ४१३. म्हणजे फाइल फार मोठी, परत पाठवली.

"मामा, पुलाखाली उंचीची कमान असते ना? रिक्षा जाते, कंटेनर अडकतो. तसंच हे."

टनेलची मर्यादा एका खेपेला १०० एमबी. फोर-के शूटिंग मिनिटाला साधारण ३५० एमबी खातं. इमिच अख्खी फाइल एकाच खेपेत पाठवतं. म्हणजे माझी जवळजवळ ४ जीबीची फाइल कधीच जाणार नव्हती.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. ॲपमध्ये घरच्या वायफायसाठी सर्व्हरचा थेट पत्ता टाकला, आता घरी आलो की टनेल मध्ये येतच नाही. सर्व्हरपुढे एनजिनएक्स असेल तर त्याचीही मर्यादा वाढवा, मुळात ती फक्त १ एमबी असते. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की अपलोड अर्धवट थांबू शकतं. आणि सर्व्हरवरची फाइल शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय फोनमधली पुसू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, लिहावा लागतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जातो, ठसा बदलतो. माझ्याकडे आता तशी दाबलेली दीड मिनिटाची क्लिप तेवढी उरलीय.

त्या रात्री चाळीत अजून तीन-चार जण मोबाइल वर धरून उभे होते, मला आठवतंय. तुमच्यापैकी कोणी असाल तर फोनमध्ये बघा. व्हॉट्सॲप करू नका. फोन घेऊनच या, केबल माझ्याकडे आहे.

आजींना मी अजून खरं सांगितलेलं नाही. "शोधतो" म्हणालोय.